दोन स्पीकरांमधली जागा

बीटल्सची ‘प्लीज प्लीज मी’ (१९६३) ही ध्वनिमुद्रिका स्टीरिओत, हेडफोन लावून ऐकणारा श्रोता गोंधळतो. गायकांचे आवाज उजव्या कानात, गिटार नि ड्रम डाव्या कानात, मध्ये पोकळी! हा मुद्रकाचा गलथानपणा, असा शेरा सहज मारला जातो. तो मला अन्यायाचा वाटतो.

लंडनच्या ईएमआय स्टुडिओत गायन एका पट्टीवर आणि वाद्ये दुसरीवर घेतली, ती पुढे मोनो मुद्रिकेसाठी दोहोंचा तोल साधता यावा म्हणून. बहुतेक घरांत एकाच स्पीकरचा ग्रामोफोन असल्याने खरी कलाकृती मोनोच होती. अगदी १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’लाही वेळ आणि कष्ट मिळाले ते मोनो मिश्रणासाठी. ज्यांच्याकडे स्टीरिओ रेडिओग्राम होता, त्यांचे दोन्ही स्पीकर बहुधा एकाच लाकडी पेटीत असत. डावीकडचा ध्वनी भिंतीवर आपटून उजव्या कानापर्यंत पोहोचे. मधली पोकळी खोलीच भरून काढी. हेडफोन ही खोलीच काढून घेतो.

याच उपकरणाने काहींना मोहातही पाडले. इनॉक लाइट यांच्या ‘पर्सुएसिव्ह पर्कशन’मध्ये (१९५९) तालवाद्ये चेंडूसारखी इकडून तिकडे उड्या मारतात. पाहुण्यांपुढे नवी खरेदी मिरवण्याची ती सोय. संगीत तेथे यंत्राची चाकरी करते. उलट जॉन कलशॉ यांनी १९५८ साली व्हिएन्नात डेक्कासाठी वाग्नरचे ‘दास राइनगोल्ड’ मुद्रित केले, तेव्हा त्याच दोन स्पीकरांमधल्या जागेचे त्यांनी रंगमंच केले. पात्रे गाताना सरकतात, जवळ येतात, दूर जातात. वाग्नरने मागितलेल्या अठरा ऐरणी येथे खरोखर घणघणतात. साधन तेच, दृष्टी निराळी.

सुईचीही हुकमत होतीच. खर्जाचे जोरकस स्वर एकाच बाजूला ठेवले, तर खाच खोल-उथळ होऊन सुई उडते. म्हणून ते मध्यावर आणावे लागत. सीडीने ते कारण संपवले, सवय राहिली.

आता जुन्या मुद्रणांची ‘दुरुस्ती’ होते. ‘एलेनॉर रिग्बी’च्या १९६६ च्या स्टीरिओ मुद्रणात कडवे गाणारा आवाज उजव्या कोपऱ्यात एकटा पडला आहे. एकाकी माणसांच्या त्या गाण्याला, योगायोगाने का होईना, ते शोभते. १९९९ च्या फेरमिश्रणात तो मध्यभागी आला, तंतुवाद्ये दोहोंकडे पसरली. नवे अधिक नेटके आहे, हे मान्य. मी मात्र जुनेच लावतो, आणि तेही स्पीकरवर.