‘झोपणे’ आणि ‘झोप लागणे’ : निद्रोपचाराच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम औषध न योजता वर्तनोपचार योजावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने 2016 साली केली. हा उपचार विचारपूस, नोंदी आणि सूचना यांच्या द्वारे होतो. म्हणजेच भाषा हे त्याचे मुख्य साधन होय. सूचनेतील शब्द संदिग्ध असेल तर उपचारच संदिग्ध होतो. वाशीम जिल्ह्यातील वऱ्हाडी बोली डोळ्यांपुढे ठेवून प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, या उपचाराला अत्यावश्यक असलेला भेद मराठीत पूर्वीपासूनच आहे. रूढ परिभाषा मात्र तो झाकून टाकते.

प्रथम उपचाराचे स्वरूप पाहू. त्याचे दोन मुख्य आधार आहेत. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 साली मांडलेल्या पद्धतीत अंथरूण आणि झोप यांचे तुटलेले साहचर्य पुन्हा जोडले जाते : झोप आल्यावरच अंथरुणावर जावे, ती लागेना तर उठावे, पुन्हा आल्यावर परतावे, सकाळी ठरल्या वेळी उठावे आणि दिवसा झोपू नये. आर्थर स्पीलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली मांडलेल्या दुसऱ्या पद्धतीत अंथरुणावरील काळ प्रत्यक्ष झोपेच्या काळाइतका आखडून घेतला जातो व झोप सलग होऊ लागली म्हणजे तो हळूहळू वाढविला जातो. या दुसऱ्या पद्धतीचे शब्दशः भाषांतर ‘निद्रा-निर्बंध’ असे होईल. परंतु ते दिशाभूल करणारे आहे. निर्बंध झोपेवर नसून पडून राहण्यावर आहे. म्हणून ‘शय्याकाल-मर्यादा’ ही संज्ञा अधिक यथार्थ ठरेल.

आता भाषेकडे वळू. ‘मी दहाला झोपलो, पण मला झोप लागली नाही’ या वाक्यात मराठी माणसाला कोणतीही विसंगती जाणवत नाही. ‘झोपणे’ या क्रियापदाचा कर्ता प्रथमेत असतो, त्याची आज्ञार्थी रूपे सहज होतात आणि त्यापूर्वी ‘मुद्दाम’ हे क्रियाविशेषण चालते. याच्या उलट ‘झोप येणे’, ‘झोप लागणे’, ‘जाग येणे’ या प्रयोगांत अनुभव घेणारा चतुर्थीत जातो. वऱ्हाडीत तो ‘मले’ होतो. ‘मले झोप लागत नाही’ म्हणणारा शेतकरी झोपेचा कर्ता नसतो. झोप त्याला लागावयाची असते. ‘मला मुद्दाम झोप लागली’ हे वाक्य कोणी बोलणार नाही. ‘डोया लागला’ या प्रयोगातही माणूस कर्ता नाही. सारांश, आडवे होणे इच्छेच्या अधीन आहे आणि झोप लागणे नाही, हे व्याकरणानेच सांगून ठेवले आहे. वर्तनोपचाराचे तत्त्वही नेमके हेच आहे : जे स्वाधीन आहे तेवढेच बदलावे आणि झोपेसाठी झटू नये.

असे असता ‘तुम्ही किती तास झोपता?’ हा प्रश्न विचारला जाणे घातक होय. रात्री 10 पासून सकाळी 6 पर्यंत पडून राहणारा मनुष्य ‘आठ तास’ असे प्रामाणिकपणे सांगेल. प्रत्यक्षात झोप 6 तासांचीच असेल. तेव्हा शय्याकालातील झोपेचे प्रमाण 75 टक्के भरते, व उपचारात साधारणतः 85 टक्क्यांची अपेक्षा असते. एकाच क्रियापदाने दोन्ही राशी मोजल्या तर हा हिशेबच संभवत नाही. ‘अंथरुणावर केव्हा पडलात, झोप केव्हा लागली, मध्ये किती वेळ जाग होती, अंथरूण केव्हा सोडले’ असे चार प्रश्न विचारले पाहिजेत. बूटझिन यांच्या मूळ सूचनेत दुसऱ्या खोलीत जाण्यास सांगितले आहे. एका खोलीच्या घरात ते अशक्य असले तरी अंथरूण गुंडाळून भिंतीशी बसणे शक्य आहे, आणि सूचनेचा हेतू त्यानेही साधतो असे वाटते.

‘निद्रानाश’ या संज्ञेचा प्रश्न याहून गंभीर आहे. हा शब्द चरकसंहितेतील आहे. सूत्रस्थानाच्या 21 व्या अध्यायात कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू हे त्याचे हेतू गणले आहेत. कामामुळे हुकलेली झोपही तेथे निद्रानाशातच मोडते. आधुनिक व्याख्या याहून संकुचित आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निकषांनुसार आठवड्यातून किमान 3 रात्री, किमान 3 महिने, आणि झोपेची पुरेशी संधी असूनही, तक्रार राहिली पाहिजे. शब्द जुना राहिला, अर्थ मात्र बदलला.

हा फरक वऱ्हाडात केवळ शाब्दिक राहत नाही. सोयाबीन, तूर, हरभरा यांचे रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून रक्षण करण्यासाठी शेतकरी रात्री ‘जागली’ला जातो. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली तर ओलितही रात्रीच करावे लागते. दिवसा वीज मिळावी हा 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू याच अडचणीतून आला. जागलीवरून परतलेल्या माणसाजवळ झोप आहे, संधी नाही. त्याला निद्रानाशी ठरवून त्याचा शय्याकाल आणखी आखडला तर मळणीयंत्रावर त्याचा हात धोक्यात येईल. त्याला हवी आहे दिवसाची वीज, कुंपण आणि पाळीने विसावा. याच्या उलट पीक घरी आले, जागल संपली, तरीही महिनोन्‌महिने डोळा लागत नाही, असा मनुष्य या उपचाराचा खरा अधिकारी होय. बोली या दोघांना दोन निरनिराळ्या शब्दांनी ओळखते. आपली परिभाषा दोघांना एकाच नावाखाली आणते.

‘निद्रानाश’ हा शब्द टाकून द्यावा असे येथे सुचवावयाचे नाही. तो रूढ आहे व राहील. ‘नाश’ या पदामुळे झोप कायमची गेली, असा अर्थ रोग्याच्या मनात रुजतो, आणि ही भीतीच पुढे जागे ठेवते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. दवाखान्यातील प्रश्नावलीत ‘झोप न लागणे’, ‘झोप मोडणे’, ‘लवकर जाग येणे’ आणि ‘जागल’ हे चार शब्द वेगळे ठेवले तर रोगनिदानाचे अर्धे काम रोग्याची भाषाच करील. परिभाषा घडविणाऱ्याने कोशाकडे जाण्यापूर्वी ही भाषा ऐकली पाहिजे.