तो, ती, ते आणि आपली सहिष्णुता

(महाळुंगे येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आज तुमच्याशी बोलायला मी इथं आलो आहे. एवढ्या साध्या वाक्यात मी एक गोष्ट सांगून टाकली. 'आलो' म्हटलं, 'आले' म्हटलं नाही. म्हणजे मी पुरुष आहे असं मी जाहीर केलं आणि तुम्ही सगळ्यांनी ते मान्य केलंत. कुणी आधार कार्ड मागितलं नाही, डॉक्टरचा दाखला मागितला नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात.

इंग्रजीत 'मी आलो' आणि 'मी आले' यांत फरक नाही. तिथं लिंगाचा प्रश्न उपस्थित होतो तो तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना, 'ही' म्हणायचं की 'शी' म्हणायचं तेव्हा. मराठीत तो स्वतःबद्दल बोलतानाच येतो. म्हणून 'हे सर्वनामांचं खूळ अमेरिकेतून आलं, आपला त्याच्याशी काय संबंध?' असं जेव्हा चांगली शिकलेली माणसं म्हणतात, तेव्हा मला वाटतं की यांनी आपली भाषा नीट ऐकलेली नाही. मराठीत हा प्रश्न जास्तच टोकदार आहे. पुरुष म्हणून नोंद झालेली एखादी व्यक्ती 'मी आले' म्हणते आणि आपण लगेच 'तो आला बघ' म्हणतो, तेव्हा आपण तिचं व्याकरण सुधारत नसतो, तिची स्वतःबद्दलची साक्ष खोटी ठरवत असतो. मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली या प्रकाराबद्दल एक ग्रंथ लिहिला. बोलणारा कोण आहे हे पाहून त्याच्या बोलण्याची किंमत कमी करणं हाही एक अन्याय आहे, असं त्या म्हणतात. आपण त्याला साक्षीचा अन्याय म्हणू.

आधी शब्दांचं बोलू. जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग एक आणि स्वतःला जाणवणारी ओळख दुसरी, अशा व्यक्तीला आता मराठीत पारलिंगी म्हणतात. सरकारी कागदात तृतीयपंथी असतं. हिजडा हा शब्द त्या समाजातली माणसं स्वतःसाठी ताठ मानेनं वापरतात, आपल्या तोंडात मात्र त्याची शिवी होते. लक्ष्मी त्रिपाठी यांचं आत्मकथन २०१२ साली आलं, त्याचं नावच 'मी हिजडा, मी लक्ष्मी'. बघा, त्या नावात क्रियापद नाही. 'मी' आहे आणि पुढं नाव आहे. जे सांगायचं ते तेवढ्यात आलं.

आता मुख्य मुद्दा. या विषयावर आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? 'आमचा काही विरोध नाही हो. आपला समाज आधीपासूनच सहिष्णू आहे.' आज मला टीका करायची आहे ती या वाक्यावर. उघड द्वेष करणारा माणूस समजायला सोपा असतो. हे वाक्य जास्त अवघड आहे, कारण ते अर्धं खरं आहे.

खरं किती? आपल्याकडे जागा होती, हे खरं. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या आणि उभ्या महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं. यल्लम्माच्या जोगत्यासमोर लोक हात जोडतात. घरात मूल जन्मलं की हिजड्यांचा आशीर्वाद लागतो. आणि महाळुंग्याला तर एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. ज्ञानेश्वर महाराजांना आपण 'माऊली' म्हणतो, म्हणजे आई म्हणतो. विठ्ठलाची विठाई होते. वारीत समोरचा बाई असो, बुवा असो, हाक एकच, 'माऊली'. यावरून संत पारलिंगी होते वगैरे निष्कर्ष काढू नका, तो पोरकटपणा होईल. यातून एवढंच दिसतं की लिंगाची रेघ ओलांडून मान देणं मराठीला जमतं.

मग अर्धं खोटं कुठं आहे? या सगळ्या जागा नेमून दिलेल्या आहेत. रंगमंच, देवीचा जग, बारशाचं घर आणि आता सिग्नल. त्या चौकटीत राहा, आम्ही टाळ्या वाजवू, पाया पडू, दहा रुपये देऊ. चौकटीबाहेर पाऊल टाकलं, भाड्यानं खोली मागितली, कँटीनमध्ये शेजारी ताट घेऊन बसलं, कंपनीच्या बसमध्ये बाजूची सीट मागितली, की सहिष्णुता संपते. 'सह्' हा धातू सोसण्याचा आहे. सोसणारा नेहमी वरच्या पायरीवर असतो आणि किती सोसायचं हे तोच ठरवतो. जॉन लॉकचं सहिष्णुतेवरचं प्रसिद्ध पत्र १६८९ साली प्रकाशित झालं. त्यातही नास्तिकांना सोसायची गरज नाही, असं त्यानं स्पष्ट म्हटलं. सहिष्णुतेच्या यादीत कुणाला बसवायचं आणि कुणाला वगळायचं, हे यादी करणाराच ठरवत आला आहे.

आपल्या पट्ट्यातलं उदाहरण घ्या. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनं २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून आणि ग्रीन मार्शल पथकात काम दिलं. चांगलं पाऊल, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. आता विचार करा. ग्रीन मार्शलचं काम काय? रस्त्यावर थुंकणाऱ्याला, कचरा टाकणाऱ्याला दंड करायचा. सिग्नलला आपण दहा रुपये देतो तेव्हा देणारा हात आपला असतो, उपकार आपला असतो. इथं गणवेशातली व्यक्ती म्हणते, 'थुंकलात, पैसे भरा.' समजा त्या वेळी थुंकणाऱ्याला राग आला. तो राग दंडाचा किती आणि दंड करणाऱ्या व्यक्तीचा किती? हा प्रश्न प्रत्येकानं स्वतःला विचारावा. सहिष्णुतेची खरी परीक्षा तेव्हाच होते, जेव्हा ज्याला आपण सोसत होतो त्याच्या हातात पावतीपुस्तक येतं.

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या जागेवर अर्ज भरला. त्या पारलिंगी आहेत म्हणून अर्ज बाद झाला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयानं त्यांना स्त्री म्हणून लढायची मुभा दिली. पुढं काय झालं? गावानं त्यांना निवडून दिलं. पोलीस भरतीतही असंच. अर्जात रकानाच नव्हता, तो ठेवा असं डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं. म्हणजे भादलीत लोक तयार होते आणि कागद अडला. आपल्याकडे कागद तयार आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २०१९ च्या कायद्यानं नोकरीत आणि घर भाड्यानं देण्यात भेदभावाला मनाई केली. आता अडलं आहे ते आपल्या जिभेपाशी.

तुम्ही म्हणाल, जिभेचं एवढं काय? नोकरी द्या, पगार द्या, 'तो' म्हटलं काय आणि 'ती' म्हटलं काय!

हे कुठल्याही मराठी माणसानं म्हणावं याचं मला नवल वाटतं. कारण सर्वनामावरून भांडण्यात आपला हात कुणी धरणार नाही. 'मला अरे-तुरे करू नकोस' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे? तू, तुम्ही आणि आपण यांत सगळी जातपात, सगळी श्रीमंती-गरिबी भरलेली आहे. नवऱ्याला 'अहो' आणि बायकोला 'अगं'. पाटलाला 'आपण' आणि गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्यालासुद्धा 'अरे'. त्या म्हाताऱ्याच्या नातवानं शिकून 'अहो म्हणा' असं सांगितलं, तेव्हा गावात भांडणं झाली. 'हरिजन' हा शब्द ज्यांच्यासाठी काढला त्यांनीच तो नाकारला. आम्हाला काय म्हणायचं ते आम्ही ठरवू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. फार लांब जायला नको. एप्रिल २०२३ मध्ये विधवांच्या नावामागं 'गं. भा.' लावण्याचा प्रस्ताव राज्याच्या मंत्र्यांनी मांडला, तेव्हा राज्यभर टीका झाली. दोन अक्षरांचाच प्रश्न होता ना? पण ती दोन अक्षरं बाईला तिच्या नवऱ्याच्या मरणाशी बांधून टाकत होती, हे लोकांना बरोबर कळलं.

मग तेच लोक पारलिंगी व्यक्तीला 'शब्दाचं काय एवढं' असं कसं सांगतात? 'मला ती म्हणा' ही मागणी 'मला अहो म्हणा' या मागणीची सख्खी बहीण आहे. दोन्हींत म्हणणं एकच. मी कोण आहे हे तुझ्या सोयीनं ठरवू नकोस.

इथं एक गंभीर आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. 'भाषेचे नियम आहेत. उद्या कुणीही उठून काहीही म्हणायला सांगेल, मग भाषेचं काय?' हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर भाषेतच शोधू. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. त्यांच्या बाईपणावर कुणी शंका घेतली? 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून पैलवानालाही आपण 'ती व्यक्ती' म्हणतो. पैलवान रागावत नाही. व्याकरणातलं लिंग आणि माणसाचं लिंग यांचा सांधा आपण समजतो तेवढा घट्ट नाही. शिवाय 'तुम्ही आलात', 'आम्ही आलो', 'मी जाईन' या रूपांत लिंग दिसतच नाही. समोरच्याची ओळख माहीत नसेल तर 'तुम्ही' म्हणावं. मानही राहतो आणि चूकही होत नाही. अडचणीच्या वेळी वापरायची वाट मराठीनं आधीच करून ठेवली आहे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. इंग्रजीतल्या 'दे'ची नक्कल म्हणून काही जण 'ते' सुचवतात. आदरार्थी अनेकवचन म्हणून, 'ते गेले' असं कुणाला हवं असेल तर जरूर म्हणावं. पण नपुंसकलिंगी एकवचनी 'ते', 'ते आलं', 'ते बसलं', हे आपल्याकडे पोराला किंवा वस्तूला म्हणतात. गावात याच 'ते'नं कित्येकांची आयुष्यभर टिंगल झाली आहे. म्हणून भाषांतर करत बसू नका. ती व्यक्ती स्वतःबद्दल 'आले' म्हणते की 'आलो', ते ऐका आणि तेच वापरा. शंका असेल तर सरळ विचारा. 'तुम्हाला काय म्हणू?' यात अपमान नाही.

आणि चुकीचं काय? माझ्या वयाच्या लोकांची जीभ साठ-सत्तर वर्षं एका वळणावर गेलेली असते, ती घसरणार. ओडिया आणि बंगालीत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे. त्यामुळे तिकडचा कामगार लाइनवर हिंदीत 'मॅडम आया' म्हणून जातो. आपण हसतो, तोही हसतो, काम पुढं चालतं. मॅडमना अपमान वाटत नाही, कारण ती चूक आहे हे सगळ्यांना कळतं. पण तोच शब्द कुणी माहीत असून, चार जणांना ऐकू जाईल असा, रोज म्हणू लागला, तर ती चूक राहत नाही. चुकणारा आणि डिवचणारा यांतला फरक पाचवीतल्या मुलालाही कळतो. म्हणून चुकीबद्दल कुणाला फासावर चढवू नका, असं मी सुधारकांनाही सांगेन. जीभ घसरलेल्या आजोबांना प्रतिगामी ठरवून तुम्ही एक मित्र गमावता. आणि 'चूक झाली' या पांघरुणाखाली रोज डिवचणाऱ्याला पाठीशी घालू नका, असं बाकीच्यांना सांगेन.

हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न आहे असं समजू नका. यात पोटाचा प्रश्न आहे. रोज गेटवर हसणं, पाळीत टोमणे, खोली मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भाडं. अशा ठिकाणी कोण टिकेल? मग ती व्यक्ती काम सोडते आणि परत सिग्नलला जाते. तिथून गाडीनं जाताना आपण म्हणतो, 'यांना काम करायलाच नको असतं.' आधी हाकलायचं आणि मग गेला म्हणून दोष द्यायचा! साध्या मराठीत याला लबाडी म्हणतात.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषांशिवाय 'इतर' असा पर्याय दिला गेला. देशात ४,८७,८०३ जणांची नोंद त्यात झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. किती जणांनी भीतीपोटी दुसऱ्या रकान्यात खूण केली असेल, त्याचा हिशेब कुठं नाही. 'इतर' या शब्दाकडे बघा. जेवणाच्या यादीत शेवटी 'इतर' असतं, खर्चाच्या वहीत शेवटी 'इतर' असतं. ज्याची दखल स्वतंत्रपणे घ्यायची नसते ते 'इतर'मध्ये जातं.

या सभागृहात सुपरवायझर असतील, कंत्राटदार असतील, खोल्या भाड्यानं देणारे तर नक्कीच असतील. तुम्हाला क्रांती करा असं मी सांगत नाही. तुमच्या श्रद्धा बदला असंही सांगत नाही. सहिष्णू तर तुम्ही आहातच, त्यापुढं एक पायरी चढा. खोली मागायला आलेल्या माणसाला पगाराची पावती विचारा, बाकीचं विचारू नका. हजेरीपटावर जे नाव आहे त्या नावानं हाक मारा. टोमणा ऐकू आला तर मान खाली घालून चहा पीत बसू नका, टोमणा मारणाऱ्याला नावानिशी थांबवा. कायदा न्यायालयात बनतो आणि विधिमंडळात बनतो, पण तो पाळला जातो की नाही हे चहाच्या टपरीवर ठरतं.

आता प्रश्न विचारा, आणि अवघड विचारा.