शिकारी व सावज, व्यंगपटांतील
शिकारी व सावज, व्यंगपटांतील : भक्षकाच्या वारंवार फसणाऱ्या पाठलागावर आधारलेला लघुव्यंगपटांतील विनोदप्रकार. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांच्या ‘टॉम अँड जेरी’ मालिकेत (१९४० पासून) आणि चक जोन्स यांच्या ‘रोड रनर’ पटांत (१९४९ पासून) तो परिपक्व झाला. सावजाच्या चातुर्यामुळे हशा पिकतो, हे मत अर्धसत्य होय. रोड रनर पक्षी बहुधा नुसता धावतो. कोयोटीला (कोल्ह्यासारखा अमेरिकी प्राणी) आपटवतात ती त्याचीच यंत्रे. कड्याबाहेर गेल्यावर खाली पाहीपर्यंत तो पडत नाही. त्या क्षणभराच्या विरामातच विनोदाचे मर्म आहे. जिद्दीमुळे प्रेक्षकाची सहानुभूतीही नकळत शिकाऱ्याकडेच झुकते.

भारतीय पटांत हे क्वचितच घडते. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने काढलेला ‘द बनियन डिअर’ (१९५७) जातककथेवर आधारलेला असून त्यात करुणा प्रधान आहे. विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’मध्ये (१९७४) जाळ्यासकट उडणारे पक्षी मोहक आहेत; मात्र पारधी केवळ बोधापुरता येतो, त्याची फजिती रंगवलेली नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात वाघाने गुरे व माणसे मारल्याच्या घटना घडतात. गडचांदूरसारख्या गावी ‘सावज’ हा शब्द निव्वळ गमतीचा राहत नाही. तरीही हे पट तेथे हसवू शकतात, कारण त्यांतील हिंसेला परिणाम नसतो : दरीत कोसळलेला कोयोटी पुढच्याच दृश्यात नवा आराखडा घेऊन धडधाकट उभा असतो.