‘बॉय इरेज्ड’ : मैत्रीचं काय झालं?

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलची मैत्रीची कल्पना पाहिली. मित्र म्हणजे ‘दुसरा मी’. आज तीच कसोटी एका सिनेमाला लावू या. जोएल एजर्टनचा २०१८ चा ‘बॉय इरेज्ड’, गॅरार्ड कॉन्लीच्या आत्मकथनावरचा. अमेरिकेतल्या एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा, जेरेड. तो समलिंगी आहे, म्हणून त्याला ‘बरं’ करायला कन्व्हर्जन थेरपीच्या केंद्रात धाडतात.

सिनेमाचा जीव अडकलाय आई-बापात. ते जमलंयही, निकोल किडमनची आई तर विसरता येत नाही. मला खटकलं ते वेगळंच. या केंद्रात प्रत्येकाने आपली ‘पापं’ सगळ्यांसमोर सांगायची. म्हणजे बघा, ज्याला तुमचं दुःख कळलं असतं, तोच तुमच्या शरमेचा साक्षीदार! मग बोलायचं कुणाशी? गॅरी नावाचा मुलगा जेरेडला सुचवतो, सुधारल्याचं नाटक कर. सल्ला मायेचाच हो. पण दोघेही नाटकात असतील तर ‘दुसरा मी’ भेटणार कसा?

कॅमेरॉनला शवपेटीजवळ बायबलने मारतात, घरचेसुद्धा मारतात. बाकीची मुलं बघत राहतात. पुढे जेरेड निसटू पाहतो, तेव्हा त्याच्यासाठी मध्ये पडतो तो हाच कॅमेरॉन. सबंध सिनेमातली निखळ मैत्री ती एवढीच, काही क्षणांची. नंतर कॅमेरॉनची आत्महत्या आपल्याला केवळ बातमी म्हणून कळते, आणि दिग्दर्शक पुन्हा बापाकडे वळतो. इथे मी त्याला माफ करू शकत नाही.