नाथांचा ब्राह्मण आणि नमाजाची वेळ

एकनाथ महाराजांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’ची थोरवी मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. सोळाव्या शतकांत, पैठणासारख्या कर्मठ क्षेत्रीं बसून, ज्या कवीनें दोन धर्मांच्या माणसांस समोरासमोर उभें केलें आणि दोघांसही मनसोक्त बोलूं दिलें, त्याचें धैर्य असामान्य होय. तथापि या संवादांतील एका झोंबणाऱ्या प्रश्नाचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

तुर्क हिंदूंच्या देवांची व आचारांची टर उडवितो. त्यावर ब्राह्मण उलट विचारतो कीं, पांच वेळा जर देवाच्या, तर बाकीच्या वेळा कोणाच्या? आणि देव पश्चिमेसच असेल, तर इतर दिशा काय ओस पडल्या? हा भाग वाचून दाखविला असतां श्रोते बहुधा येथें हंसतात, आणि ब्राह्मणानें बाजी मारली असें समजून पुस्तक मिटतात. परंतु या प्रश्नास उत्तर खरोखर नव्हतेंच काय?

राजुरा हा वर्धा नदीच्या अलीकडचा मुलूख. पलीकडे बल्लारपूर व चांदा. अलीकडे १९४८ पर्यंत निजामाचें राज्य. १९५६ सालीं हा तालुका आदिलाबादेतून निघून नांदेडास जोडला गेला, आणि १९५९ सालीं चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यांत आला. अशा गांवीं देवळाची घंटा आणि मशिदीची बांग ऐकत पिढ्यानुपिढ्या वाढल्या. पण बांग कोणत्या हिशोबानें होते, हें विचारण्याची तसदी आपणांपैकीं किती जणांनीं घेतली?

हिशोब सूर्याचा आहे. फजर पहाट फुटल्यापासून सूर्योदयापूर्वीं. जुहर माध्यान्ह ढळल्यावर. असर सावली लांबल्यावर. मगरिब सूर्य बुडतांच. आणि इशा संधिप्रकाश विझल्यावर. म्हणून मुंबईची वेळ राजुऱ्यास चालत नाहीं. येथें माध्यान्ह सुमारें २६ मिनिटें आधीं होतो. असरच्या सावलीविषयीं मतभेदही आहे. माध्यान्हींची सावली वजा जातां, कोंकणी मुसलमानांच्या शाफई पंथांत ती वस्तूइतकी झाली कीं पुरे. हनफी पंथांत प्रचलित हिशोब दुपटीचा. परंतु याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, ऐन उदय, ऐन माध्यान्ह व ऐन अस्त हे क्षण नमाजास वर्ज्य मानले आहेत. आमच्या त्रिकाळ संध्येची योजना नेमकी याच सांध्यांभोंवतीं आहे. सूर्यपूजेचा भाससुद्धां होऊं नये, हें इस्लामी परंपरेंत या निषेधाचें एक कारण दिलें जातें. ज्याच्याकडे पाहून वेळ ठरवावयाची, त्यास वंदन होऊं नये, अशी ही दक्षता आहे.

तेव्हां या पांच वेळा देवाच्या मालकीच्या म्हणून निवडलेल्या नाहींत. त्या विसराळू माणसाच्या सोयीच्या आहेत. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत देवळांत चालणारा क्रम याच जातीचा. ब्राह्मणाचा प्रश्न तुर्कास लागू असेल, तर तो ब्राह्मणाच्या संध्येसही लागू आहे.

दिशेचेंही तसेंच. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यांतच पूर्व व पश्चिम दोन्ही देवाच्या असें सांगितलें आहे. तोंड कोठें वळवावें यांत पुण्य नसून श्रद्धा, दान व वचनपालन यांत तें आहे, असेंही तेथें आहे. आरंभीं मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करीत; काबेची दिशा इ. स. ६२४ च्या सुमारास ठरली. ती पश्चिम आहे ती केवळ आपल्यापुरती. मोरोक्कोंतील मुसलमान त्याच काबेसाठीं पूर्वेकडे वळतो. मशिदींतही देवाची मूर्ति वा गाभारा नाहीं. भिंतींतील कमान केवळ दिशा दाखविते. नमाज घरीं, शेतांत वा सास्तीच्या कोळसाखाणीवरही पढतां येतो. मशीद आहे ती माणसांनीं एका रांगेंत, खांद्यास खांदा लावून उभें राहावें यासाठीं. शुक्रवारीं दुपारीं तर जमाव लागतोच.

मग नाथ चुकले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. प्रश्न ब्राह्मणाचा आहे, नाथांचा नव्हे. मूर्तिपूजेचें मर्म तुर्कास जितकें कळलें आहे, तितकेंच नमाजाचें ब्राह्मणास. दोघांचें अर्धें ज्ञान नाथ उघडें पाडतात, आणि शेवटीं देवापाशीं जातिभेद नाहीं हें दोघांच्या तोंडून वदवून त्यांची गळाभेट घडवितात. ब्राह्मण जिंकला असता तर या भेटीस अर्थ उरला नसता.

एक उणीव मात्र आम्हांस जाणवते. येथें ऐक्य होतें तें परमार्थाच्या उंचीवर. एकमेकांच्या नित्याच्या आचाराचा परिचय दोघांसही होत नाहीं. भेट आधीं झाली, ओळख राहून गेली. ही ओळख करून घेणें वाचकांचें काम होतें. आपण प्रश्न पाठ ठेवला आणि भेट विसरलों.

आमची सूचना साधी आहे. हा संवाद वाचावयाचा तर शेवटापर्यंत वाचावा. पाठ्यपुस्तकांत घ्यावयाचा तर तुकडा घेऊं नये, आणि सोबत नमाजाच्या वेळांची व दिशेची चार ओळींची टीप जोडावी. ती लिहिण्यास दूर जावें लागणार नाहीं. राजुऱ्यासारख्या गांवीं ती सांगणारा शेजारच्या आळींतच भेटेल.