राज्यपालांचे मौन : अनुच्छेद २०० चे वाचन

राज्यपाल हे राज्याचे 'नामधारी प्रमुख' असतात, हे वाक्य तुम्ही परीक्षेत लिहिले असेल. ते चूक नाही. पण तेवढ्यावर थांबलात तर या पदाचा खरा प्रश्न हातून निसटतो. राज्यपालांची ताकद त्यांनी घेतलेल्या निर्णयांपेक्षा न घेतलेल्या निर्णयांत जास्त दिसते.

अनुच्छेद २०० उघडा. विधानमंडळाचे विधेयक आले की राज्यपाल संमती देतात, रोखतात किंवा ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात. धन विधेयक नसेल तर ते फेरविचारासाठी 'शक्य तितक्या लवकर' परत पाठवता येते. दिवसांचा आकडा कुठेही नाही.

या रिकाम्या जागेत काय घडते ते तामिळनाडूत दिसले. काही विधेयके जानेवारी २०२० पासून पडून होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यपालांनी दहा विधेयकांची संमती रोखली. विधानसभेने काही दिवसांतच ती पुन्हा संमत केली, तर राज्यपालांनी ती राष्ट्रपतींकडे धाडली! ८ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने हे बेकायदेशीर ठरवून विधेयकांना संमती मिळाल्याचे मानले आणि मुदतीही आखून दिल्या.

पुढे राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर पाच न्यायाधीशांच्या पीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मत दिले : न्यायालय मुदत ठरवू शकत नाही, 'मानलेली संमती' घटनेत बसत नाही. दीर्घ, अकारण दिरंगाई झाली तर मात्र निर्णय घ्या, एवढा मर्यादित आदेश देता येईल.

मुदत घटनाकारांनी लिहिली नाही, ती न्यायालयाने का लिहावी, हा युक्तिवाद मला पटतो. अडचण पुढे आहे. 'दीर्घ' म्हणजे किती, हे प्रत्येक राज्याला दर वेळी न्यायालयात जाऊनच कळणार. विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. त्यातली दोन-तीन वाट पाहण्यात गेली तर गमावते कोण?

प्रश्न विधेयकांपुरता नाही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२० मध्ये विधान परिषदेसाठी बारा नावे सुचवली. वाजवी वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले. निर्णय झालाच नाही. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने ती यादी मागे घेतली.