वाक्यात बसणारे गणित

फळ्यावर सूत्र लिहिताना जागेची अडचण नसते. छापील ओळीत मात्र सूत्राला शब्दांच्या शेजारी, त्यांच्याच उंचीत बसावे लागते. संगणकाकडून हे काम कसे करून घ्यावे, हे डोनाल्ड कनूथ यांचे ‘द टेकबुक’ (१९८४) हे इंग्रजी पुस्तक बारकाईने शिकवते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील या संगणकशास्त्रज्ञांना १९७७ मध्ये आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडली नाहीत. म्हणून त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचली. तिची कल्पना साधी आहे. सूत्राच्या आधी व नंतर डॉलरचे चिन्ह टंकायचे. गणिताची छपाई महाग मानली जाई, त्यावरची ही कोपरखळी! या दोन चिन्हांच्या आत नियम बदलतात. रोमन अक्षरे तिरपी होतात आणि संयोगचिन्हाची आखूड रेघ वजाचे लांब चिन्ह बनते. वजाबाकीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना अंतर पडते, पण ‘−५’ मधील ऋण चिन्ह आकड्याला चिकटून राहते. सिग्माच्या सीमा वर-खाली न जाता बाजूला सरकतात. त्यामुळे ओळी फाकत नाहीत. उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणारी आज्ञा न देता नुसतेच ‘साइन’ या फलाचे स्पेलिंग टंकले, तर तीन चलांचा गुणाकार छापल्यासारखा दिसतो.

पुस्तकाचे खरे मोल आज्ञांच्या यादीत नाही, वाचकाच्या काळजीत आहे. ओळीतला उभा अपूर्णांक बारीक होतो, म्हणून तिथे तिरपी रेघ बरी. पण मग कंसांकडे लक्ष हवे. प्रश्नपत्रिका काढताना हे जरूर आठवावे. ‘१/२क्ष’ असे छापले, तर एक विद्यार्थी क्षची निमपट घेईल, दुसरा १ला २क्षने भागेल. क्ष = ४ असता पहिल्याचे उत्तर २ येईल, दुसऱ्याचे १/८. गुण कोणाचे कापायचे? इथे चूक विद्यार्थ्याची नाही, जुळणीची आहे.

पुस्तकात उणिवाही आहेत. अवघड परिच्छेदांपुढे धोक्याच्या वळणाची खूण आहे खरी, पण सोपे आणि अवघड एकाच पानावर मिसळल्याने नवखा वाचक भांबावतो. सुरुवातीचे काही नियम सोयीसाठी पूर्ण खरे सांगितलेले नाहीत, हे लेखक आधीच बजावतात. ‘लहान संख्येतून मोठी वजा होत नाही’ असे आपणही खालच्या वर्गात सांगतोच! शिकणाऱ्याला ते चालते. संदर्भासाठी पान उघडणाऱ्याला मात्र जाचते. नवख्यांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लाटेक’पासून सुरुवात करावी, हे उत्तम.

तरीही गणिताच्या शिक्षकांनी या पुस्तकातील सूत्रांवरची प्रकरणे वाचावीत. संगणक नसला तरी चालेल. सूत्र हे वाक्याचाच भाग आहे आणि ते एकाच अर्थाने वाचता आले पाहिजे, ही शिस्त हाताने प्रश्नपत्रिका लिहिणाऱ्यालाही लागू आहे.